आई, गणपतीची वाट बघू नकोस

सँ-मालो, फ्रान्स
जुलै

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आई ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते. म्हणून हे सविस्तर पत्र. पाऊस कसा आहे? वाशिष्ठीचं पाणी वाढल्याची बातमी दिसली की 2021 चा जुलै आठवतो आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. बाबा, गाडी आतापासूनच वरच्या अंगाला लावून ठेवा.

मी ज्यांच्याकडे राहते ते मस्यू आणि मादाम दोघंही सत्तरी ओलांडलेले, तुमच्याच वयाचे. मुलं आपापल्या नोकऱ्यांच्या गावी, त्यामुळे माडीवरची खोली ते उन्हाळ्यात भाषा शिकायला येणाऱ्यांना देतात. मी शाळेत फ्रेंच शिकवते हे कळल्यापासून मादाम माझ्याशी मुद्दाम भराभर बोलतात. मला हेच हवं होतं. सकाळच्या वर्गात शिकते त्याहून जास्त मी संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता शिकते. जेवायला आठ वाजतात, पण सूर्य मावळतो दहानंतर, त्यामुळे जेवण झालं तरी कोणी उठत नाही. पाव, चीज आणि गप्पा चालूच.

या स्वयंपाकघराच्या दाराला भरती-ओहोटीच्या वेळांची एक लहानशी पुस्तिका टांगलेली असते. दर दिवसापुढे भरतीच्या जोराचा आकडा, 20 पासून 120 पर्यंतचा. मोठ्या उधाणाला इथे पाण्याच्या पातळीत 12-13 मीटरचा फरक पडतो. गुहागरच्या समुद्रावर वाढलेल्या मलाही हे खरं वाटेना. ज्या ग्राँ-बे बेटावर आपण ओहोटीला पायी जाऊन येतो, त्याच्याभोवती काही तासांत सगळीकडून पाणी असतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. याच भरतीवर रांस नदीच्या मुखाशी वीज तयार होते. 1966 साली सुरू झालेलं हे भरतीवरचं जगातलं पहिलं मोठं वीजकेंद्र. 24 टर्बाइनं, प्रत्येकी 10 मेगावॅटची. कोयनेच्या 1,960 पुढे 240 म्हणजे काहीच नाही हे खरं, पण इथे धरण भरायला पावसाची वाट बघावी लागत नाही. भरतीचं पाणी खाडीत घ्यायचं, दारं बंद करायची आणि बाहेरचा समुद्र पुरेसा खाली गेला की ते टर्बाइनांतून सोडायचं. पाणी आत येतानाही हीच टर्बाइनं चालवता येतात. धरणावरूनच दिनारला जायचा रस्ता आहे आणि बसमधून जाताना एका बाजूचं पाणी वर, दुसऱ्या बाजूचं खाली असं दिसतं. मस्यूंनी मला तिथे नेलं तेव्हा मी सांगितलं की माझ्या बाबांची नोकरी पोफळीला, डोंगराच्या पोटातल्या पॉवरहाऊसमध्ये झाली. ते गाडीतून उतरेपर्यंत प्रश्न विचारत होते. पाणी किती उंचीवरून येतं, आत हवा कशी खेळवतात, भूकंपाचं काय. नीट लिहून पाठवा, मी त्यांना वाचून दाखवीन.

आई, इथलं घावन काळसर असतं. गव्हाचं नाही, कुट्टूच्या पिठाचं. मोठ्या गोल लोखंडी तव्यावर लाकडी दांडीने पातळ पसरतात, वर खारं लोणी. तुला नक्की आवडेल. कांकालला मात्र कालवं कच्ची खातात, नुसतं लिंबू पिळून, धक्क्यावर बसून, आणि शिंपले खाली पुळणीवर टाकतात. मी खाल्ली. तुझं कालवांचं कालवण मला जास्त प्रिय आहे आणि ते मी मादामना करून घालणार आहे.

आता जे लिहायला बसले ते. मादामचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. रोज पुस्तिकेत वेळ बघून त्या तटाखालच्या पुळणीवर पोहायला जातात, मीही जाते. पायऱ्या उतरताना एक हात कठड्यावर, आधी ऑपरेशन झालेला पाय खाली, मग दुसरा. गुडघ्यावर वीतभर सरळ खूण आहे, आता जवळजवळ पांढरी. मी त्यांना सगळं विचारून घेतलं. पहिले दोन महिने फार त्रासाचे गेले, रात्री झोप लागत नसे, पण फिजिओथेरपी एकदाही चुकवली नाही. मग हळूहळू काठी सुटली. त्या म्हणाल्या, चार वर्षं उगाच घालवली, तेवढी वर्षं समुद्र खिडकीतून बघितला.

ते ऐकून मला तू दिसलीस, जिन्यावर मध्येच थांबून पदराने कपाळ पुसणारी. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मागच्या वर्षी गणपती होऊ देत म्हणालीस. मग दिवाळी, मग लग्नसराई, मग आंबे. आता पुन्हा गणपती. मोदक दादा-वहिनी करतील. कळ्या नीट पडल्या नाहीत तरी बाप्पा रागावणार नाही. मी ऑगस्टअखेर येते आणि लागेल तेवढी रजा काढते, शाळेत तसं बोलूनही ठेवलंय. तुझ्या पथ्याचं, व्यायामाचं, रात्रीच्या जागरणाचं सगळं मी बघीन.

बाबा, तुम्ही ‘तिचं तिने ठरवावं’ म्हणता, पण तेवढ्याने ती ठरवत नाही. तुम्हीच डॉक्टरांची वेळ घ्या. शुगर आणि बीपीचे जुने कागद कपाटातल्या निळ्या फायलीत आहेत, ते बरोबर न्या. फिजिओथेरपीला घरी कोण येईल आणि जिना कधीपासून चढता येईल, हे दोन प्रश्न नक्की विचारा.

वेळ मिळाली की लगेच फोन करा. इथलं घड्याळ साडेतीन तास मागे आहे, तुमच्या रात्री दहाला मी घरीच असते.

तुमची,
मनू