दादरच्या पेपरवाल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

आज 15 ऑक्टोबर. शाळा-कॉलेजांत वाचन प्रेरणा दिन आणि तुमच्या लोकांत वृत्तपत्र विक्रेता दिन. दोन्ही दिवस अब्दुल कलामांच्या जन्मदिवसाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली होती, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले पेपरचे गठ्ठे गोळा करून हा मुलगा ते गावात वाटायचा. आज पहाटे मी ही गोष्ट तुम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितली. तुम्ही पुरवण्या भरता भरता मान वर न करताच म्हणालात, "फेकलेल्या गठ्ठ्यातले वरचे दोन-चार अंक फाटत असणार. त्यांचा तोटा कोणाच्या अंगावर पडायचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शुभेच्छा द्यायच्या होत्या, त्याही राहिल्या. म्हणून हे पत्र. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. दादर पश्चिमेला फुलबाजाराच्या तोंडाशी पेपर लावणारे काका एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी देवगडहून मुंबईला आले. पत्रकारितेचा अभ्यासक्रम, संध्याकाळचे वर्ग फोर्टात, राहायला परळला मामाची खोली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत आम्ही पाच जण, आणि पहाटे चारला नळाला पाणी. पाणी आलं की सगळं घर उठतं, मग झोप संपलीच. वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रोज निदान पाच पेपर वाचायचे. पाच पेपर म्हणजे महिन्याला 700-800 रुपये. मोबाइलवर वाचता येतं म्हणाल तर येतं, पण तिथे बातमी कोणत्या पानावर होती, किती कॉलम होती, तिच्या शेजारी काय होतं, हे काही कळत नाही. म्हणून मी पहाटे परळहून चालत दादरला यायची आणि तुमच्या दोरीवर लटकवलेल्या पेपरांचे मथळे उभ्याउभ्या फुकटात वाचायची. तुम्ही चार दिवस काही बोलला नाहीत. पाचव्या दिवशी पुरवण्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवलात. "वाचायचंय ना? मग हात रिकामे कशाला?"

तेव्हापासून माझी सकाळ तुमच्या फुटपाथवर सुरू होते. नवी मुंबईकडून टेम्पो येतात, गठ्ठे धपाधप पडतात, पोरं सुतळ्या कापतात. मुख्य अंकात पुरवणी, पुरवणीत एखाद्या क्लासचं नाहीतर पिझ्झाचं पत्रक, मग लाईनीप्रमाणे, म्हणजे प्रत्येक पोराच्या ठरलेल्या घरांप्रमाणे, वाटणी. कोणत्या इमारतीत कोणता पेपर, कोण गावाला गेलंय, कोणाचं बिल दोन महिने थकलंय, सगळं तुमच्या डोक्यात. एकीकडे ताज्या शाईचा वास, दुसरीकडे बाजारातल्या झेंडूचा. बोटं काळी व्हायची आणि पहिल्या आठवड्यात मामी रोज ओरडायची, की तू शिकायला जातेस की गॅरेजमध्ये. तुमच्याकडे मला नावही नाही. "काय देवगड, आज उशीर?" आंब्याच्या दिवसांत तर लाईनवाली पोरं मला डझनाचा भाव विचारायची.

वर्गात आम्हाला 'वाचक' हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळतो. वाचकाला काय हवं, वाचक किती वेळ देतो, वाचकाचं वय काय. खरा वाचक मी तुमच्याकडे पाहिला. शनिवार-रविवारी येणारे ते आजोबा फक्त नाटकांच्या जाहिरातींचं पान बघतात, शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग कोणता आहे ते पाहून पेपराची चौकोनी घडी करतात आणि निघतात. एका वकिलाचा कारकून जाहीर नोटिसांसाठी दोन पेपर नेतो, एक मराठी, एक इंग्रजी. त्याला अग्रलेखाशी काही देणंघेणं नाही. कुणा बाईच्या दुकानी अमावास्येच्या आदल्या दिवशी भविष्य आधी वाचलं जातं. निधनवार्ता तर सगळेच वाचतात, तुम्ही सोडून. तुम्ही म्हणालात, "ओळखीचं गिऱ्हाईक असलं तर मला आधीच कळतं. घरातून निरोप येतो, उद्यापासून पेपर बंद." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. कुठे वापरलेलं नाही.

आता कबुतरखान्याचं. लोकांसमोर कबूल करतेच.

ऑगस्ट 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायची जागा, बंद केला, त्यावर ताडपत्री टाकली आणि 6 तारखेला आंदोलकांनी ती ओढून काढली. तुमच्यापासून चालत काही मिनिटांवरचं प्रकरण. आम्हाला वर्गासाठी कोणत्याही ताज्या घटनेवर 400 शब्दांची बातमी लिहायची होती. मी धावत गेले, चार जणांशी बोलले, रात्री जागून लिहिली, वर्गात दाखवली आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी ऐटीत तुमच्या हातात दिली. तुम्ही चष्मा लावलात. पहिली ओळ वाचून थांबलात. "कबुतरखाना रातोरात रूळ ओलांडून गेला काय गं?"

मी 'दादर पूर्व' लिहिलं होतं. वर्षभर रोज पश्चिमेला येणाऱ्या मुलीने! वर्गात ती बातमी आदल्या दिवशीच दाखवून झाली होती आणि तिथे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, शेरा मिळाला होता 'भाषा ओघवती'. तुम्ही पुढे वाचत राहिलात आणि शेवटी विचारलंत, "दाणे टाकणारे चार बोललेत. समोरच्या इमारतीत दम्याची माणसं राहतात, त्यांच्याकडे गेलीस?" नव्हते गेले. ती माणसं रस्त्यावर घोषणा देत नव्हती, त्यामुळे मला दिसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी सांगितलं, की त्यांची खिडकी कित्येक वर्षं बंद आहे आणि तरीही आंधळ्या पक्ष्याला उपाशी ठेवणं त्यांना पटत नाही. आंधळा पक्षी कुठून आला ते मी विचारलं नाही, पण ती बातमी पहिल्या बातमीपेक्षा किती तरी अवघड झाली आणि बरीच खरी झाली. 'पश्चिम' मात्र मी तीनदा तपासलं.

तुम्हाला वाटेल एवढ्यासाठी आभार? नाही, खरं कारण ठाण्याचं आहे.

मे महिन्यात मी एका दैनिकात महिनाभर उमेदवारी केली. बहुतेक वेळ प्रसिद्धिपत्रकं छोटी करण्यात गेला: 'मान्यवरांच्या शुभहस्ते' काढा, पाहुण्यांची यादी काढा, उरलं तर छापा. तिसऱ्या आठवड्यात ठाणे स्टेशनाबाहेरच्या रिक्षांच्या रांगेवर माझी तीन परिच्छेदांची बातमी घेतली. रात्री पान छपाईला सुटलं तेव्हा मी तिथेच होते. मामीला फोन केला, गावी आईला फोन केला. आईने शेजारच्या तिघींना. पहाटे पाचला तुमच्याकडे आले, अंक उघडला, पुढून मागे, मागून पुढे. बातमी नाही.

तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "बातमी कुठली?" ठाण्याची. "मग ती ठाणे आवृत्तीत असणार. इथे शहर आवृत्ती येते." एकाच नावाचा पेपर, एकच तारीख, एकच किंमत, आणि आत पानं वेगळी. पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत चार गुणांसाठी लिहिलंही होतं. पण आपली बातमी आपल्याच हातातल्या अंकात नसू शकते, हे तोवर कळलं नव्हतं.

तुम्ही ठाण्याच्या एका विक्रेत्याला फोन लावलात. गर्दीची वेळ, समोर सुटे मागणारं गिऱ्हाईक, आणि तुम्ही खांद्याला फोन लावून सांगताय, "पान तीन का चार बघ, रिक्षाची बातमी. आमच्या मुलीची आहे." दीड तासाने फुलबाजारात येणाऱ्या एका माणसाच्या पिशवीतून, शेवंतीच्या खाली दबलेला तो अंक आला. ओलसर. पान चार, खाली डावीकडे. नाव नव्हतं, 'प्रतिनिधी' एवढंच होतं. तुम्ही बातमी पूर्ण वाचलीत, आणि म्हणालात, "मीटरचं काय झालं ते शेवटी राहिलं." राहिलं होतंच. तिसरा परिच्छेद जागेअभावी कापला होता. पण तुम्ही जे फोनवर बोललात ना, 'आमच्या मुलीची', ते मी ऐकलं होतं.

तो अंक मी आईला नेऊन दिला. तिने तो देवघराच्या फळीवर ठेवला आहे. आमच्या देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. त्यांनी 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढलं, म्हणून राज्यभर त्या दिवशी पत्रकार दिन होतो आणि आमच्या शाळेतून दर वर्षी मुलांना भाषण करायला लावायचे. मी पाचवीत केलं होतं: एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी असे दोन स्तंभ, विशीतला संपादक, वगैरे. त्या भाषणात 'दर्पण' घरोघर कोण पोचवत होतं याबद्दल एक ओळही नव्हती. कोणी सांगितलीच नव्हती.

जुलैमधला प्रकल्पही तुमच्यामुळेच झाला. पाच पेपर, 31 दिवस, 155 अंक. कोणत्या विभागाची बातमी किती सेंटिमीटर, हे पट्टीने मोजायचं होतं. तुम्ही रोज पाचही अंक बाजूला काढून सुतळीने बांधून ठेवलेत. न विकलेले म्हणून जे परत करता आले असते, तेही ठेवलेत. मला हे कळलं तुमच्या मुलाकडून, ऑगस्टमध्ये. पैसे द्यायला आले तर तुम्ही म्हणालात, "मोजून झाल्यावर रद्दी मला दे." दिली. रद्दीवाल्याने किलोला काय दिलं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

तुमच्याबद्दल मात्र मला फार उशिरा समजलं. वडील गिरणीत होते, जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि तुम्ही शाळेत असतानाच लाईन टाकायला लागलात, हे तुम्ही एका पावसात ताडपत्री धरून उभे असताना सांगितलंत, तेही मी गिरणगावावर काहीतरी विचारलं म्हणून. आणि 2020 च्या टाळेबंदीत पेपर वाटप थांबलं, नंतर काही घरांनी पुन्हा सुरूच केलं नाही, हे सांगताना तुम्ही इमारतींची नावं घेतलीत, माणसांची नाही. मी मुलाखत मागितली तेव्हा मात्र "गिऱ्हाईक आलंय" म्हणून वळलात. समोर कोणीच नव्हतं, काका.

ही दिवाळी अंकांची धांदल चालू आहे, म्हणून लांबण लावत नाही. तुम्ही हे मोबाइलवर वाचणार नाही, माहीत आहे. एक छापील प्रत सुट्ट्या पैशांच्या डब्याखाली ठेवते आहे. मी शनिवारी रात्री कोकणकन्याने गावी निघतेय, भाऊबीज करून परत. मधल्या दिवसांत माझ्यासाठी अंक बाजूला काढू नका, परत करता येतील ते परत करा. दिवाळी अंक एकच ठेवा, कोणता ते तुम्ही ठरवा. पण त्याचे पैसे घ्यायचे. पूर्ण. सूट न देता.

तुमची,
देवगड