ट्यूबिंगनहून दादाला

ट्यूबिंगन, रविवार, 9 फेब्रुवारी 2025

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. आईला फोनवरची अक्षरं दिसत नाहीत आणि तिला हातात धरायला कागद लागतो, म्हणून लिहायला बसले. तिला मोठ्याने वाचून दाखव. पुढे मी एक फुली केली आहे, तिथून पुढचं मात्र तुझं तू वाच.

आई, मी नीट जेवते. खोकला गेला. घरात हीटर आहे, बाहेर जाताना कानटोपी घालते, पोराच्या अंगात तर तीन-तीन कपडे असतात. टीव्हीवर दाखवतात तसं आमच्या गल्लीत काही नाही. 23 तारखेला इथे निवडणूक आहे, बाहेरून आलेल्या लोकांवरून सभांमध्ये तावातावाने बोलणं चाललंय, हे खरं आहे. पण मला कोणी वाकडं बोललेलं नाही. रोज दाराशी भेटणारी माणसं तीच आहेत. उगाच रात्री जागत बसू नकोस.

तू विचारलं होतंस, परवा फोन केला तेव्हा मी जिन्यात काय करत होते. आमची केरवोखे होती. शब्दात आपला केर आहे बघ, अर्थही तोच, आणि वोखे म्हणजे आठवडा. या स्वाबिया भागातली ही रीत. इमारतीतल्या प्रत्येक घराला पाळी येते. पाळी आली की शेजारीण आपल्या दारावरची छोटी पाटी काढून आमच्या दाराला अडकवते. मग आठवडाभर जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कठडा पुसायचा, खालचं दार, तळघराचा बोळ, समोरचा फूटपाथ, आणि ज्या दिवशी कचऱ्याची गाडी येते त्याच्या आदल्या रात्री डबे रस्त्याच्या कडेला ठेवायचे. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी 7 च्या आत फावड्याने वाट मोकळी करायची. सुरुवातीला मला वाटलं, जिना तर लख्ख आहे, पुसायचं काय? एका शनिवारी तसाच सोडला. वरच्या मजल्यावरच्या आजी संध्याकाळी खाली आल्या, काही बोलल्या नाहीत, बादली घेऊन आमचा जिना पुसायला लागल्या. वय 80 च्या पुढे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा कळलं, इथे घाण झालीय का हा प्रश्नच नाही. आपली पाळी आहे, आणि आपण ती केली हे घराला दिसायला हवं. ज्या काउंट एबरहार्डने 1477 मध्ये इथलं विद्यापीठ काढलं, त्याच्याच वेळचा, 1492 चा श्टुटगार्टचा नियम होता म्हणे, की ज्याने त्याने आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी. तिथून हे चालत आलं असं सांगतात. आता मी झाडते. आई, तू अंगणात सडा घालायचीस तसं, कोणी बघो न बघो.

काल मी पाटी पुढच्या घराला दिली. आज रविवार, इथे रविवारी कोणी खिळासुद्धा ठोकत नाही.

×

दादा, आता तुझ्याशी.

माझं पुस्तक पोचून तीन महिने होत आले. वहिनी म्हणाली, तू रोज रात्री दोन-चार पानं वाचतोस आणि उशाखाली ठेवतोस. तू अजून एक शब्द बोलला नाहीस. आत्याने मात्र फोन करून ऐकवलं, घरातलं चव्हाट्यावर मांडलंस, आईच्या पाटल्या मोडल्याचं जगाला सांगितलंस. मी तिला उलट उत्तर दिलं, ते चुकलं. पण मला म्हणायचं होतं ते हे, की पाटल्या मोडल्या ही लाज नाही. त्या माझ्या फीसाठी मोडल्या आणि तुझं सुतारकामाचं नवं मशीन राहिलं. ते लिहिलं नसतं तर बाकीची कादंबरी खोटी झाली असती.

इथे नदीकाठी एक पिवळा बुरूज आहे, मी नेहमी त्यावरून जाते. त्यात हॉल्डरलिन नावाचा कवी राहायचा. 1807 मध्ये त्याला इथल्या इस्पितळातून घरी सोडलं, डोकं ताळ्यावर नव्हतं, डॉक्टरांच्या मते फार तर तीन वर्षं जगेल. त्याला घरी कोणी नेलं? एर्न्स्ट झिमर नावाच्या सुताराने. नात्याचा ना गोत्याचा. त्याने या कवीची कादंबरी वाचली होती, एवढाच धागा. तीन वर्षांचा पाहुणा 36 वर्षं राहिला, 1843 मध्ये त्याच घरात गेला. सुतार त्याच्या आधी पाच वर्षं वारला, पुढे त्याच्या मुलीने, लोटेने केलं. ती जन्मली तेव्हापासून तो घरात होताच.

झिमर कवीच्या आईला पत्रं लिहायचा. तो कसा आहे, काय म्हणतो, काय लागतं. एका पत्रात आहे, की कवीने कुठल्याशा देवळाचं चित्र पाहिलं आणि म्हणाला, मला असं लाकडाचं करून दे. झिमर म्हणाला, मला पोटासाठी काम करावं लागतं, तुमच्यासारखं निवांत बसायचं भाग्य माझं नाही. तर त्याने पेन्सिल घेतली आणि तिथल्या तिथे फळीवर चार ओळींची कविता लिहिली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा घास घशात अडकला. कविता सगळे सांगतात. मला सुताराचं वाक्य ऐकू आलं, आणि ते तुझ्या आवाजात आलं.

कवीची आई इथून 30 किलोमीटरवर राहायची, पण ती बुरुजात कधी आली नाही असं म्हणतात. तो तिला पत्रं लिहायचा, आखडलेली, दरबारी भाषेतली, चार ओळी आणि आशीर्वाद. मी दर रविवारी फोन करते, जेवलात का, औषध घेतलं का विचारते आणि ठेवते. त्या पत्रांत आणि माझ्या फोनात काय फरक आहे, मला सांगता येत नाही. आईला पुढच्या महिन्यात मोतीबिंदूसाठी नेणार तू, डोळ्यात थेंब घालणार तू, आणि पुस्तकावर नाव माझं.

इथल्याच एका पुस्तकाच्या दुकानात हेर्मान हेस्सेने 1895 पासून 1899 पर्यंत काम केलं, आधी उमेदवारी आणि मग मदतनीस म्हणून. दिवसभर काम, लिहिणं त्यानंतर. त्याची आई केरळात तलश्शेरीला जन्मलेली. पोराच्या पहिल्या कवितासंग्रहावर ती नाराज झाली होती, तिला त्यात पापाचा वास आला. आत्याच्या फोननंतर मी मुद्दाम त्या दुकानाच्या पाटीखाली जाऊन उभी राहिले. बरं वाटलं असं नाही म्हणणार, पण एकटं वाटलं नाही.

पुस्तकातलं पुराचं प्रकरण तू वाचलंस का, एवढं कळव. 2021 च्या जुलैत, 14 तारखेच्या रात्री, इथे वर आर नदीच्या खोऱ्यात पूर आला होता. जर्मनीत 180 हून जास्त माणसं गेली. मी आठवडाभर टीव्हीवर तो चिखल बघत होते. आणि 22 तारखेला आपल्याकडे चिपळुणात वाशिष्ठी आली. तुझा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला, तू म्हणालास, आई माळ्यावर आहे, सुखरूप आहे, सागवान गेलं. तयार चौकटी पाण्यावर तरंगत रस्त्यावर गेल्या म्हणालास. 2005 नंतर दुसऱ्यांदा. वाचन मंदिरात पाणी शिरलं ते तूच सांगितलंस, बाबा मला शनिवारी जिथे नेऊन बसवायचे ते. मी इथे कोरड्या खोलीत बसून सगळं ऐकलं. फावडं तुझ्या हातात होतं.

त्या चिखलातून तू माझं डेस्क काढलंस. बाबांनी दहावीला केलेलं, फणसाच्या लाकडाचं, मांडीवर घ्यायचं. मी म्हटलं उन्हात ठेव, लवकर सुकेल. तू म्हणालास, उन्हात तडकतं, सावलीत ठेवायचं, वारा लागू द्यायचा, रोज पालथं करायचं. तू साडेतीन महिने पालथं करत राहिलास. घरात गाद्या नव्हत्या, कारखान्यावर बँकेचं नवं कर्ज, आणि तू एका जुन्या डेस्काला रोज कूस बदलून देत होतास. ते इथे पोचलं तेव्हा मी उलटं करून बघितलं. खाली बाबांच्या हातचं आहे, सुतारी पेन्सिलीने, ‘18 × 14 धाकटी’. एवढं पाणी गेलं, पेन्सिल गेली नाही.

तोवर मी पुरावर रोज दहा-दहा पानं लिहीत होते. रडं नुसतं, सगळं फाडून टाकलं. मग तुझ्यासारखं केलं. नव्याने लिहिलेलं वर्षभर बाहेर काढलं नाही, फक्त मधूनमधून पालथं केलं. ही कादंबरी त्याच डेस्कावर लिहिली. अर्पणपत्रिकेत तुझं नाव घालायची माझी फार इच्छा होती. तू आवडून घेणार नाहीस म्हणून घातलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

बाकी कामाचं. प्रकाशकांचा हिशेब आला. हजार प्रती, 400 रुपये किंमत, दहा टक्के, म्हणजे 40 हजार. ते मी तुझ्या खात्यावर टाकायला सांगितले आहेत. परत पाठवू नकोस. रंध्याच्या मशीनला लाव, नाहीतर चिमूच्या लग्नाला, तुझं तू ठरव, पण ते पैसे त्या घराचेच आहेत. डिसेंबरचे दरमहाचे उशिरा आले, जानेवारीचे कमी आले, ते माझ्या लक्षात आहे. यांचा विद्यापीठातला करार सप्टेंबरअखेर संपतो, पुढचं पत्र अजून हातात नाही. काळजीचं काही नाही, इथे सगळ्यांचे करार असेच असतात. आईला सांगू नकोस.

चिमूच्या साखरपुड्याला मी येऊ शकत नाही. लिहिताना हात जड झालाय. लग्नाला येतेच, मेमधली तारीख पक्की झाली की लगेच तिकीट काढते. पण एकटीच येईन. शाळा चालू असताना मुलाला नेऊ देत नाहीत, दंड करतात, आणि यांना रजा मागायची ही वेळ नाही. मुलाकडच्यांना हे तूच नीट समजावून सांग, आत्या मांडवात विचारेल तेव्हा मला मान खाली घालायला लावू नकोस. चिमूला म्हणावं, तिची साडी मी घेणार, तिने आत्ताच रंग सांगून ठेवावा. आईच्या ऑपरेशनचं बिल, थेंबांचं, चष्म्याचं, सगळं पाठव. ‘राहू दे गं’ म्हणू नकोस. झिमर कळवायचा तसं कळवत जा.

आणि एक. हीटरच्या कोरड्या हवेने डेस्काचा उजवा सांधा अर्धा सूत उघडलाय. लिहिताना हलतो. इथल्या दुकानात फेव्हिकॉलसारखा गोंद मिळतो, पण तो नुसता भरला तर उन्हाळ्यात इथल्या दमटाने लाकूड फुगेल का? की पातळ पाचर मारू? फोटो चिमूच्या फोनवर पाठवते. तू बघून सांगेपर्यंत हात लावत नाही.

वहिनीला नमस्कार, आईला पाया पडते.

तुझी
धाकटी