रिक्षाला कारचा रस्ता दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर

विषय: तुमचं ॲप रिक्षाला कार समजतं

नमस्कार,

शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या ॲपवरून स्टेशनला जायला रिक्षा बुक केली, आम्ही तिघं आणि दोन बॅगा. ॲपने सांगितलं २२ मिनिटं, लागली ४५, आणि आईबाबांची ट्रेन चुकली. चॅटवर लिहिलं तर "ट्रॅफिकमुळे उशीर झाला" असा रेडीमेड मेसेज. अहो ट्रॅफिक नव्हतंच, रस्ता मोकळा होता हाच तर प्रॉब्लेम!

तुमच्या मॅपने आम्हाला बायपासवर घातलं. जवळजवळ ३० किलोमीटर २२ मिनिटांत म्हणजे ८० चा स्पीड झाला, आणि रिक्षाचं इंजिन २००-२३० सीसीचं, अगदी मोकळी असली तरी ६०-६५ च्या वर जात नाही, त्यात चौघांचं वजन, चढ लागला की रिक्षावाले काका तिसरा गिअर टाकतायत, मग दुसरा, इंजिन नुसतं ओरडतंय आणि काटा ३० वर. शेजारून कंटेनर गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने अख्खी रिक्षा बाजूला सरकली, आईने बार धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. पुढे एकच चाक असतं, स्पीडमध्ये वळताना ब्रेक दाबला की रिक्षा कलंडायला किती वेळ लागतो हे मॅप बनवणाऱ्यांनी एकदा मागे बसून बघावं.

रिक्षाबद्दल तक्रार नाहीये, मी रोज रिक्षानेच फिरते. जेमतेम १.३ मीटर रुंद, कार जिथे तीनदा पुढेमागे करते तिथे ही एका झटक्यात वळते. काका निघतानाच म्हणाले होते, "ताई, आतून नेतो, लवकर पोचू". पण रूट सोडला की ॲप त्यांनाच अलर्ट पाठवतं म्हणे, म्हणून बिचारे गपचूप तुमच्या निळ्या रेषेवरून गेले.

आणि ते "३ सीट + सामान" कोणी लिहिलंय? सीटच्या मागे स्टेपनी होती, एक बॅग माझ्या मांडीवर, दुसरी पायात, बाबांचे गुडघे पार हनुवटीला.

भाडं परत करा, रिक्षासाठी रूट आणि वेळ वेगळी दाखवा, सामानाचं नीट लिहा. आणि काकांना मी ५ स्टार दिलेत, माझ्या तक्रारीवरून त्यांचं रेटिंग कापू नका, त्यांची काही चूक नव्हती.

तुमची एक वैतागलेली कस्टमर