सक्करदऱ्याच्या काकाजींना, पुण्याच्या पागेतून

आदरणीय काकाजी,
सा. न.

मोबाईलवर तुम्ही भजनांपलीकडे काही पाहत नाही, म्हणून हे नातवाकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितोय, त्याला कारण आहे. रेसच्या पुस्तकात घोड्याच्या नावाखाली त्याचे आईबाप, मालक, ट्रेनर, जॉकी असे सगळे छापतात. घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला, म्हणजे माझ्यासारख्याला, तिथे जागा नसते. मग मोतद्दाराला ज्यानं घडवलं, त्याला कोण विचारतो!

नागपुरात कोणाला सांगावं की मी रेसच्या घोड्यांकडे कामाला आहे, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "मंग कोणता लागते बे?" आपल्याकडे रेसकोर्स नाही. लोकांना शंकरपट माहीत, नाहीतर वरातीतली घोडी. पावसाळ्यात पुणं आणि हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, असा आमचा मुक्काम फिरतो. महालक्ष्मीचा ट्रॅक १८८३ चा, पुण्याचा त्याहूनही जुना. पोळ्याला पुण्याचा सीझन रंगात असतो, त्यामुळे तान्हा पोळा मी फोनवरच पाहतो. सुट्टी मिळते ती मे महिन्यात, नागपूर ४५ अंशांवर तापलं की. नशीब!

दहावीनंतर मी रिकामा फिरत होतो आणि तुमच्या घोडीच्या टिनाच्या शेडात येऊन बसायचो. तुम्ही हातात घोडी घासायचा खरारा दिलात आणि कायले बसला, असं विचारलं नाही. पांढऱ्या घोडीला पोटशूळ उठला होता, ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात नेताना रस्त्यात तुम्ही बजावलं, "डॉक्टरले रोग नको सांगू. रोग तो सांगन. तू पाह्यलं तेवढं सांगजो." मी तेवढंच सांगितलं. रात्रीपासून लीद नाही, पुढच्या पायानं जमीन खरडते, सारखी पोटाकडे वळून पाहते, चंदी तशीच पडली आहे. डॉक्टरांनी आधी नाडी आणि पोटाचा आवाज पाहिला, मग नाकातून नळी घातली. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात साचलेलं वर यायला वाटच नाही, म्हणून ती नळी. हे मला त्या दिवशी कळलं.

त्या एका वाक्यावर माझी नोकरी चालू आहे, काकाजी.

इथे आमचा दिवस पहाटे चारच्या आधी सुरू होतो. जमादार, म्हणजे आमचा मुकादम, दाणा मोजून देतो. कालचा दाणा किती उरला, लीद कशी आहे, पाणी प्यायला का, हे दिवा लावताच पाहायचं. मग पाय. तुम्ही शिकवलं तसंच करतो, डोळे मिटून तळहात गुडघ्यापासून खाली आणायचा, नळीच्या हाडामागची शीर धरून घोट्यापर्यंत. शीर म्हणजे रक्ताची नव्हे, डॉक्टर जिला टेंडन म्हणतात ती. आधी एक पाय, लगेच दुसरा, म्हणजे फरक कळतो. साडेचारशे-पाचशे किलोचा जीव या चार काटकुळ्या पायांवर पळतो आणि गुडघ्याखाली मांसच नाही, नुसतं हाड आणि शिरा. शिरेला रक्त कमी पोचतं, म्हणून ती दुखावली की भरून यायला महिनेच्या महिने जातात.

गेल्या सीझनला माझ्याकडे तीन वर्षांची कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी होती. रेस दोन दिवसांवर. चालताना ठीक, खाणं ठीक, लंगडण्याचं नाव नाही. पहाटे हात फिरवला तर डावा पुढचा पाय मधोमध उजव्यापेक्षा किंचित गरम लागला. सूज दिसत नव्हती. सरावाला घोडी फिरवणारा रायडिंग बॉय म्हणाला, पट्टी घट्ट बसली असेल. असेलही. मी ट्रेनरसाहेबांना म्हटलं, "डावा पुढचा, नळीच्या मागे मधोमध गरम आहे. काल संध्याकाळी नव्हता." शिरेला मार असेल वगैरे काही बोललो नाही. त्यांनी स्वतः हात लावून पाहिला, पाय उचलून शीर बोटांनी दाबली, तशी घोडीनं पाय ओढून घेतला. सोनोग्राफीत शिरेत थोडी इजा निघाली. नाव मागे घेतलं. मालकाचा चेहरा उतरला होता, ते साहजिक आहे. तशीच पळवली असती तर शीर पार फाटली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता तिला रोज हातात दोर धरून चालवतो, हळूहळू ती ट्रॉटपर्यंत, म्हणजे दुडक्या चालीपर्यंत आली आहे.

तुमची शिट्टीही इथे कामी येते बरं का! रेसनंतर घोड्याची लघवी तपासणीला घेतात, आणि घोडा काही कुणाच्या हुकमानं मोकळा होत नाही. सगळे ताटकळत उभे असतात आणि मी कोपऱ्यात तुमची ती लांब, खालच्या सुरातली शिट्टी घालत बसतो. बहुतेक वेळा काम होतं. याच तपासणीमुळे आपला चहा किंवा चॉकलेट घोड्याला चाटवायची इथे सक्त मनाई आहे. तुमची घोडी बशीभर चहा पिते, हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही.

पुण्याला येताना आझाद हिंद एक्सप्रेसचं तिकीट तुम्ही काढून दिलं होतं. पैसे घेणार नाही म्हणालात, आणि ओळखीच्या जमादाराला फोन करून "पोट्टा हाताचा हलका आहे" एवढंच सांगितलंत. ते पैसे मी यंदाही देणार नाही, भांडण नको. त्याऐवजी रबराचा खरारा आणि चांगल्या प्रतीचं खुराचं तेल घेतलं आहे.

मे महिन्यात येतो. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख तेव्हाचीच घ्या. महिनाभर घोडी मी पाहीन, तुम्ही फक्त खाटेवरून ओरडत जा.

तुमचा,
पागेतला पोट्टा