सुमेधला पत्र: रिकामी सीट उद्या विकता येत नाही

इंदोरा, नागपूर

चि. सुमेध,
सप्रेम जय भीम.

परवा तू फोनवर म्हणालास, "आई, बी.कॉम. झालं की टुरिझमचा कोर्स करावा म्हणतो. आपला टूर-गाड्यांचा धंदा नेमका चालतो कसा, ते तर सांग." मी तेव्हा वाडीला गॅरेजात होते. बसखाली मेस्त्री झोपलेला, वरून पाऊस, आणि क्लच प्लेटचा भाव ऐकून डोकं गरगरत होतं. तुला नीट उत्तर देता आलं नाही. पावसाळ्यात आपल्याकडे काम कमीच असतं, म्हणून आज रात्री लिहायला बसले.

आधी बसचा हिशोब सांगते. तो कळला की अर्धा धंदा कळला. मागच्या हिवाळ्यातली आपली बारा दिवसांची बुद्धस्थळांची टूर घे: सारनाथ, बोधगया, राजगीर, नालंदा, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती. डिझेल, टोल, परमिट, सोनौलीच्या सीमेवर नेपाळचा भन्सार (गाडीची जकात), दोन ड्रायव्हर, क्लीनर, आचारी आणि त्याचा मदतनीस मिळून २ लाख ८० हजार रुपये लागले. बसमध्ये एक माणूस बसो की चाळीस, हा खर्च होणारच. त्यावर माणशी राहणं-खाणं सात हजार. सीट आपण सोळा हजाराला दिली. म्हणजे एका सीटमागे नऊ हजार उरले, आणि त्यातूनच ते २ लाख ८० हजार भरून काढायचे होते. एकतीस सीट भरल्या तेव्हाही आपण हजार रुपयांनी मागेच होतो. बत्तिसाव्या सीटपासून चाळिसाव्यापर्यंत जे आलं, तेवढीच आपली कमाई. नऊ सीटांवर तुझी फी, घराचा हप्ता आणि बसचा इन्शुरन्स.

आता सुटायच्या आदल्या रात्री पाच सीट रिकाम्या असल्या तर काय करायचं? किराणा दुकानदाराची साखर आज खपली नाही तर उद्या खपते. आपली सीट सकाळी सहाला बस निघाली की गेली, ती परत विकायला मिळत नाही. हॉटेलच्या खोलीचं तेच, विमानाच्या तिकिटाचंही तेच. म्हणून तर एकाच विमानात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचं भाडं वेगळं असतं, आणि मार्चमध्ये स्वस्त मिळणारी खोली डिसेंबरात, नागपूरला हिवाळी अधिवेशन लागलं की, दुपटीनं जाते. लोकांना ती लूट वाटते. पण जे साठवून ठेवता येत नाही, त्याचा भाव असाच वरखाली होत राहतो.

कोर्सच्या पहिल्याच धड्यात तुला थॉमस कुक भेटेल. ५ जुलै १८४१ ला त्यानं इंग्लंडात लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे लोक आगगाडीनं नेले, माणशी एक शिलिंग घेऊन. ते लोक मजा करायला निघाले नव्हते. दारूबंदीच्या सभेला निघाले होते. हे मी वाचलं तेव्हा मला तुझे पणजोबा आठवले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेला ते उमरेडहून बैलगाडीनं आले होते, सोबत तीन दिवसांच्या भाकरी. पुस्तकात तुला असंही शिकवतील की आपलं नेहमीचं ठिकाण सोडून एक तरी रात्र मुक्काम केला तर तो पर्यटक, नाही तर दिवसाचा पाहुणा. पण दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, मैदानात चादर टाकून झोपतात, सोबतची शिदोरी खातात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. हॉटेलांच्या रजिस्टरात त्यांचं नाव कुठेच नसतं. तरी त्या दोन-तीन दिवसांत पुस्तकवाले, मूर्तीवाले, ऑटोवाले, चहावाले किती कमावतात ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. पर्यटन म्हणजे स्विमिंग पूलवालं हॉटेल, हे डोक्यातून काढून टाक.

नागपूरची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि इथे मी थोडी थांबणार आहे. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा, पलीकडे मध्य प्रदेशात कान्हा, एवढ्या जंगलांचं दार आपलं शहर. पाहुणा विमानतळावर उतरतो, आपल्या गाडीत बसतो आणि तडक ताडोब्याच्या मोहर्ली गेटला किंवा पेंचच्या सिल्लारी गेटला जातो. परत येतो तो थेट विमान पकडायला. दारातून सगळे जातात, पण ओसरीवर कोणी टेकत नाही. मुंबईची पार्टी तीन दिवसांत पन्नास-साठ हजार खर्च करून जाते आणि नागपूर शहराच्या पदरात पडतं एक जेवण आणि संत्रा बर्फीचा डबा. म्हणून मी प्रत्येक पार्टीला म्हणते, एक रात्र इथे राहा. सकाळी तर्री-पोहे खा, दीक्षाभूमीचा स्तूप बघा, वेळ असेल तर रामटेकला चला. दहातली दोन माणसं ऐकतात. पण त्या एका रात्रीनं खोलीवाला, ऑटोवाला, पोहेवाला, लाँड्रीवाला, सगळ्यांच्या हाताला काही लागतं.

आमचा सीझनही उलटा. बाकी दुनिया मे महिन्यात थंड हवेला पळते, आणि आपल्याकडे पंचेचाळीस डिग्रीत सफारीच्या उघड्या जिप्सी गाड्या फुल्ल असतात. पानं गळालेली, पाणवठे थोडे, म्हणून वाघ दिसायची शक्यता तेव्हाच जास्त. मग जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद. भोवतीच्या पट्ट्यात, म्हणजे बफरमध्ये, थोडं चालू राहतं, पण त्यावर घर चालत नाही. बारा महिन्यांचा खर्च आठ-नऊ महिन्यांत काढावा लागतो, हे ज्याला जमलं तोच या धंद्यात टिकतो.

आता पैशाची वाट बघ. पुण्यातला कोणी मोबाईलवर चार हजाराची खोली बुक करतो. त्यातले शेकडा पंधरा-वीस रुपये, कधी जास्तही, ते पोर्टलच ठेवून घेतं. टूर कंपनीकडून आला तर कंपनी आपला वाटा काढते, मग इथल्या एजंटला देते, एजंट आपल्याला गाडीचे देतो, आपण ड्रायव्हरला. गेटची परवानगी वनखात्याच्या ऑनलाइन बुकिंगमधून, नावानिशी. एका गेटमधून एका वेळी किती गाड्या सोडायच्या ते ठरलेलं असतं, आणि एका जिप्सीत सहाच पाहुणे, सोबत चालक आणि गाईड. गाईड बहुतेक जवळच्याच गावातले. आता त्यांत बायाही आहेत, ते पाहून मला फार बरं वाटतं. पाहुण्याला सोडून आपली गाडी रिकामी परतते, म्हणून भाडं जाण्या-येण्याचं लावावं लागतं. पार्टी त्यावरून भांडते. तिला शांतपणे समजावून सांगावं लागतं.

पैसा वरून खाली यायला महिने लागतात. तक्रार मात्र त्याच दिवशी सगळ्यात खालच्या माणसावर येऊन आदळते. एकदा बाहेरगावच्या एका टूर कंपनीनं आपल्याकडून पूर्ण सीझन गाड्या घेतल्या आणि सात महिने पैसे दिले नाहीत. त्यांच्या माहितीपत्रकात 'वाघ हमखास' असं छापलं होतं, ते मला ठाऊकच नव्हतं. तीन सफाऱ्यांत वाघ दिसला नाही, तर त्या कुटुंबानं गेटवर गाईडला वाट्टेल ते सुनावलं. विशीचा पोरगा होता तो, मान खाली घालून ऐकत राहिला. घरी आले तर अंगणात आपले ड्रायव्हरभाऊ उभे. "ताई, पोराची फी भराची होती, पैसे आले काय जी?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून कर्ज काढून त्यांचे पैसे दिले. तेव्हापासून नियम केला: आपले पैसे येवोत न येवोत, ड्रायव्हर आणि गाईडचे त्याच आठवड्यात द्यायचे, आणि वाघाबद्दल कोणालाही शब्द द्यायचा नाही.

वाघ आपला नाही, बाळा. जंगल आपलं नाही, महाबोधी विहार आपलं नाही, दीक्षाभूमीही आपल्या दुकानाची नाही. आपण फक्त तिथवर नेतो आणि सुखरूप परत आणतो. २४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं, तेव्हा आम्ही सगळे हवालदिल झालो होतो. १६ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झालं, पण नव्या नियमांसह: कोअरच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनासाठी वापरायचा नाही. तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं, झालं ते बरंच झालं. एका वाघाभोवती पंधरा जिप्सी उभ्या असलेल्या मी पाहिल्या आहेत. त्याला रस्ता ओलांडायला जागा नव्हती.

मार्च २०२० तुला आठवत असेल. बुद्धपौर्णिमेच्या बोधगयेच्या टूरचे छत्तीस जणांचे अ‍ॅडव्हान्स आपल्याकडे होते, आणि त्यातले निम्मे मी हॉटेलांना आधीच पाठवून बसले होते. लॉकडाऊन लागला. हॉटेलवाले म्हणाले, पुढच्या वर्षी या, पैसे परत मिळणार नाहीत. इकडे लोकांना त्याच पैशांची गरज होती, कोणाची नोकरी गेलेली, कोणाच्या घरी आजारपण. दुसरी बस आपण तेव्हाच विकली. तू दहावीत... नाही, नववीत होतास, आणि बस कुठे गेली म्हणून विचारलं होतंस. मी म्हटलं होतं, दुरुस्तीला. ते खरं नव्हतं. छत्तीसच्या छत्तीस जणांचे पैसे दिले, त्यातले एकवीस जण २०२२ ला आपल्याच बसनं गेले. टूर पूर्ण होईपर्यंत अ‍ॅडव्हान्स हा दुसऱ्याचा पैसा असतो. त्याचं खातं वेगळं ठेव, हे तुला बी.कॉम.वाल्याला मी सांगायला नको.

कोर्स कर. भाषा शिक, हिशोब तर येतोच तुला. बोधगयेला थायलंड, श्रीलंका, जपानहून लोक येतात. त्यांच्याशी दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस आपल्याकडे नाही. पण कोर्सची फी भरण्याआधी एक टूर पूर्ण कर. सीटवर बसून नाही. पहाटे चारला आचाऱ्याबरोबर उठायचं, पाण्याचे कॅन चढवायचे, प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची, ज्या आजींचे गुडघे दुखतात त्यांना खालची खोली मिळवून द्यायची आणि वीज गेली तर शिव्या खायच्या.

१८ नोव्हेंबरला बस निघते. अडतीस सीट गेल्या आहेत, एकोणचाळिसाव्यासाठी कामठीहून एक मावशी विचारताहेत. चाळिसावी मागच्या चाकावरची आहे, धक्के बसतात. तिचं बुकिंग मी घेतलेलं नाही.

तुझी,
आई