फ्लोरीन दिसला की ऑप्शन खोडा?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

परवा तुमच्या शिक्षण पुरवणीत केमिस्ट्रीच्या टिप्स आल्या होत्या, त्यात एक ओळ होती, 'फ्लोरीन हा सगळ्यात वाईट लिव्हिंग ग्रुप, दिसला की ऑप्शन खोडा' (लिव्हिंग ग्रुप म्हणजे रिॲक्शनमध्ये कार्बनला सोडून जाणारा भाग). क्लासवाले पण पोरांकडून हेच घोकून घेतात. अर्धं बरोबर आहे हो. साध्या अल्किल हॅलाइडवर (कार्बनच्या साखळीला हॅलोजन जोडलेलं) एसएन-टू करा, म्हणजे नवा ग्रुप येता येता जुना बाहेर, आयोडाइड पटकन सुटतं, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड, आणि फ्लोराइड जागचं हलत नाही, कारण कार्बन-फ्लोरीन बाँड मोलमागे साधारण 485 किलोज्यूलचा आणि तिथे सगळा कारभार एकाच स्टेपमध्ये उरकायचा असतो.

पण तोच फ्लोरीन बेंझीन रिंगवर बसवा, ऑर्थो-पॅराला (शेजारच्या आणि समोरच्या जागी) नायट्रो ग्रुप द्या, की सगळं उलटं! आता सगळ्यात फास्ट फ्लोराइडच. इथे स्लो स्टेप (जिच्यावर वेग ठरतो ती) बाँड तुटायची नाहीच मुळी, न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉन देऊन बाँड करणारा) रिंगला येऊन चिकटतो ती आहे, आणि फ्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून त्या कार्बनला आधीच पॉझिटिव्ह करून ठेवतो. नंतर रिंगला परत ॲरोमॅटिक, म्हणजे मूळच्यासारखी स्थिर, व्हायची घाई, मग बाँड कितीही दणकट असो, तुटतो. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधल्या अमिनो ॲसिडचा क्रम शोधायच्या कामात हेच वापरलं, 1-फ्लोरो-2,4-डायनायट्रोबेंझीन प्रोटीनच्या अमिनो टोकाला लागतं, फ्लोराइड बाहेर पडतं, आणि मग ॲसिडमध्ये उकळून प्रोटीनचे तुकडे केले तरी तो पिवळा टॅग त्या टोकाच्या अमिनो ॲसिडला धरून राहतो. 1958 चं नोबेल मिळालं त्यांना.

आणि न सुटणारा फ्लोरीन तरी कुठे बिनकामाचा? कॅन्सरवरचं 5-फ्लोरोयुरासिल घ्या. शरीरात ते थोडं बदलतं आणि डीएनएसाठी थायमिडिलेट बनवणाऱ्या एन्झाइमला खरा माल वाटतं, कारण फ्लोरीन आकाराने हायड्रोजनच्या जवळपास. एन्झाइमचा सल्फर रिंगला चिकटतो, फोलेटमधला (हे एक बी व्हिटॅमिन) कार्बनही जोडला जातो, आता रिंगच्या पाचव्या कार्बनवरचा प्रोटॉन काढायचा, तर तिथे बसलाय फ्लोरीन, तो काही एफ-प्लस (पॉझिटिव्ह फ्लोरीन) होऊन निघत नाही! एन्झाइम तिथेच जाम. म्हणजे हे औषध चालतं ते मेकॅनिझमची पुढची पायरी अडवून, आणि आपण पोरांना सांगतो फ्लोरीन खोडा.

पुढच्या वेळी त्या ओळीच्या जागी 'आधी स्लो स्टेप कोणती ते बघा' एवढं छापा, जागा तेवढीच लागेल.

– केमिस्ट्रीची एक शिक्षिका, सांगली