सायलीला, ब्रायटनच्या पत्त्यावर

चि. सायली,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू एवढी तणतणत होतीस की मी नुसतं हं हं केलं, म्हटलं नाइट करून आलीय पोरगी, आत्ता बोलून उपयोग नाही. आज दुपारी सावकाश टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घे.

तर तुमच्या वॉर्डात ती व्हॉलंटियर मुलगी आलीय, चहा वाटते, गप्पा मारत बसते, ऐन राउंडच्या वेळी मधेमधे करते आणि पेशंट थँक्यू मात्र तिलाच म्हणतात. यातलं शेवटचं तुला जास्त लागलंय, खरं की नाही? एकतीस वर्षं वॉर्डात काढलीत गं मी, कळतं मला.

हा राग काही तुझ्यापासून सुरू झालेला नाही. तुझ्याच त्या इंग्लंडात पहिल्या महायुद्धात व्हीएडी म्हणून मुली होत्या, ही व्हॉलंटियरांची पथकं 1909 सालीच काढून ठेवलेली, आणि 1914 ला युद्ध पेटल्यावर बड्या घरच्या मुली नुसत्या लोटल्या तिथे. घरी पाण्याचा पेलाही नोकराने आणून दिलेला असायचा अशातल्या कितीतरी, फर्स्ट एडचा छोटासा कोर्स केला की पांढरा एप्रन घालून वॉर्डात हजर. आणि शेजारी तीन-तीन वर्षं ट्रेनिंग घेतलेल्या सिस्टर, ज्या नर्सच्या रजिस्ट्रेशनच्या कायद्यासाठी कधीच्या भांडत होत्या (तो आला 1919 ला, युद्ध संपल्यावर). त्यांना धास्ती ही की उद्या या हौशी मुली आपल्याच पोटावर पाय देणार. मी विचारशील तर सिस्टरच्या बाजूची. सेवाभाव हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, पगाराचं काही बोलायला गेलं की हाच शब्द तोंडावर मारायचे आमच्या.

पण मग त्या युद्धातल्या जखमांबद्दल वाचलं की गप्प व्हायला होतं. तिकडची बेल्जियमकडच्या फ्लँडर्सची शेतं वर्षानुवर्षं शेणखत घातलेली, ती माती आणि कपड्यांच्या चिंध्या तोफगोळ्याच्या तुकड्याबरोबर मांसात आत जायच्या आणि गॅस गँगरीन व्हायचं, म्हणजे जंतूंनी मांस सडायचं. पेनिसिलिनचा पत्ताच नाही तेव्हा. मग डेकिनचं सोल्युशन आलं, आपल्या ब्लीचच्याच जातीचं पण अगदी पातळ, जखमेत रबरी नळ्या घालून ते दर दोन तासांनी सोडायचं. चाळीस बेडचा वॉर्ड धर आणि तूच हिशोब कर! एवढ्या ट्रेंड नर्स आणायच्या कुठून? मग ट्रे धरायला, बेडपॅन द्यायला, बँडेज गुंडाळायला, ड्रेसिंग सुटताना पाय उचलून धरायला याच मुली. त्यातली एक व्हेरा ब्रिटन, पुढे लेखिका झाली ती, ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून 1915 ला आली, होणारा नवरा त्याच डिसेंबरात गेला, आणि 1917 ला फ्रान्समधे तिला ड्युटी कुठे, तर जखमी जर्मन कैद्यांच्या वॉर्डात. सख्खा भाऊ त्याच जर्मनांशी लढतोय आणि ही त्यांचं ड्रेसिंग करतेय. तोही पुढच्या वर्षी गेला. (रहस्यकथावाली अगाथा ख्रिस्ती पण व्हीएडीच, नंतर औषधांच्या खोलीत लागली आणि विषांचं सगळं तिथे शिकली. तुझे बाबा म्हणाले तरीच.)

आता माझं ऐक, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडे एक कॉमर्सचा पोरगा यायचा, पेशंटना घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून द्यायला. एकदा एका बाईंना दम लागला म्हणून त्याने ऑक्सिजनच्या फ्लोमीटरला हात लावला आणि मी सगळ्या वॉर्डासमोर त्याला असं झापलं की मावशी पण बघत राहिल्या. त्याच रात्री दोनला बघते तर हा पीपीई किटमधे घामाने निथळतोय आणि चिकटपट्टीच्या तुकड्यांवर पेनने नावं लिहून कवळ्यांच्या डब्यांवर चिकटवतोय. म्हातारे जेवत नाहीत म्हणून आम्ही डॉक्टरांना कळवत होतो आणि त्यांच्या कवळ्याच अदलाबदल झालेल्या! कामाच्या रेट्यात आमच्या एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

तुझ्या ब्रायटनचा तो पॅव्हेलियन, जुना राजवाडा, आहे ना, त्यात 1914 च्या डिसेंबरापासून आपल्या हिंदुस्थानी जखमी शिपायांचं हॉस्पिटल होतं. जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, पाण्याचे नळ वेगळे, पण गोऱ्या बाईने हिंदी शिपायाला हात लावायला नको म्हणून नर्सना मात्र लांब ठेवलं. तरी ते नशीबवान म्हणायचे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या पूना डिव्हिजनमधे आपल्या मराठा पलटणी होत्या, नोव्हेंबर 1915 च्या टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना नदीतून बोटींवर उघड्या डेकवर लादून बसऱ्याला आणलं, बरोबर ना पुरेसे डॉक्टर ना बिछाने, हगवणीने लडबडलेली माणसं, दिवसेंदिवस बँडेज बदललेलं नाही. 1917 च्या चौकशी अहवालात आलंय हे. त्या डेकवर मला तुझ्यासारखी एक आणि तुझ्या त्या गप्पिष्ट मुलीसारख्या दहा हव्या होत्या असं वाटतं.

तर तिला मशीनला हात लावू नको हे आधीच नीट सांग, चारचौघांत नको. आणि कवळ्यांचे डबे लावायला दे.

मेतकूट आणि गोडा मसाला पार्सल केलाय, बाबांनी वजन कमी भरावं म्हणून भडंग काढून टाकलं, त्यांच्याशी भांड.

त्या पोराचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही. आणि काल तू पण अर्धा तास बोललीस, त्या मुलीचं नाव काही आलं नाही त्यात. काय नाव आहे तिचं?

तुझी,
आई